तळव्याची जखम ११ आठवडे भरत नाही, ऑक्सिजन चेंबर आत्ताच घ्यावा का?

निफाडची_वाट
सासऱ्यांसाठी विचारतेय. वय ६१, मधुमेह, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ९.१. उजव्या तळव्याला अंगठ्याच्या मुळाशी ३ × २.५ सेंमी जखम, कडेला जाड घट्टा, तळ फिकट. रोज हायड्रोजन पेरॉक्साइडने धुऊन बीटाडीनची पट्टी. घोट्याचा एबीआय १.४२ आलाय, म्हणजे रक्तपुरवठा उत्तम असं समजतोय. द्राक्षाची गोडी छाटणी चालू असल्याने बागेत दिवसाला दोन फेऱ्या होतातच. नाशिकला हायपरबेरिक ऑक्सिजनची (चेंबरमध्ये जास्त दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन) ३० सत्रं सुचवली आहेत. त्याआधी काय तपासून घ्यावं?

पायाखालची_माती
१.४२ ला उत्तम म्हणू नका. एबीआय म्हणजे घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा. मधुमेहात धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचतं, पट्टा फुगवला तरी ती दबत नाही आणि आकडा खोटाच वर जातो. १.३ च्या वर गेला की तो आकडा सोडून पायाच्या अंगठ्याचा दाब मोजायचा. तिथला दाब ३० मिमीच्या खाली असेल तर आधी डॉप्लर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) आणि रक्तवाहिन्यांचे सर्जन. वाटच बंद असेल तर चेंबरमधला ऑक्सिजन जखमेपर्यंत जाणार कुठून?

दुसरं, हाड. डॉक्टर निर्जंतुक बोथट सळई जखमेत हलकेच घालून बघतात. टोक टणक, खरखरीत लागलं तर हाडाच्या संसर्गाचा संशय पक्का होतो. एक्स-रे सुरुवातीला साफ दिसू शकतो, म्हणून २-३ आठवड्यांनी परत काढतात किंवा एमआरआय करतात. चेंबरचा विचार साधारण वॅग्नर (मधुमेही पायाच्या जखमेची प्रतवारी) ग्रेड ३ पासून पुढे होतो, म्हणजे जखम खोल जाऊन हाड किंवा गळू गुंतल्यावर, आणि तेही ३० दिवस नीट उपचार करून फरक पडला नाही तर.

इथे मात्र ‘नीट उपचार’ अजून सुरूच झालेले नाहीत. पाय जमिनीवर टेकतोय तोवर त्या जागेवर दर पावलाला भार येणारच. संसर्ग आटोक्यात आणि रक्तपुरवठा पुरेसा असेल तर गुडघ्यापर्यंतचा, न काढता येणारा टोटल कॉन्टॅक्ट कास्ट, म्हणजे पायाला सगळीकडून चिकटून बसणारं, भार वाटून घेणारं प्लास्टर. काढता येणारा बूट घरात शिरल्याबरोबर दाराशी निघतो, सगळा घोळ तिथेच होतो. पहिला कास्ट आठवड्याच्या आत बदलावा लागतो, कारण सूज उतरली की तो सैल होऊन घासतो आणि नवी जखम करतो. दुसऱ्या पायाच्या चपलेची उंची वाढवून घ्या, नाहीतर कंबर धरते. एमसीआर (मऊ रबराच्या तळाची) चप्पल ही जखम भरल्यानंतरची गोष्ट.

घट्टा दर १-२ आठवड्यांनी ब्लेडने तासून घ्यायचा, पण दवाखान्यात. पेरॉक्साइड आजच थांबवा, नव्याने येणाऱ्या पेशीही त्याने मरतात. धुवायला साधं सलाइन पुरे.

आज क्षेत्रफळ ७.५ चौ. सेंमी आहे. भार काढल्यावर ४ आठवड्यांत ते निम्म्यावर, ३.७५ पर्यंत आलं पाहिजे. नाही आलं तर चेंबरबद्दल बोलू.

दोन_पट_दाब
चेंबरची बाजू मी सांगतो. हिमोग्लोबिन आधीच ९७-९८ टक्के भरलेलं असतं, तिथे वाढायला जागा नाही. हवेच्या दाबाच्या २ ते २.४ पट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेतला की तो प्लाझ्मात (रक्तातल्या पातळ द्रवात) विरघळतो, खरा फायदा तो. दाबाखाली सुमारे ९० मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस.

त्याआधी छातीचा एक्स-रे हवाच, उपचार न झालेला न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत साठलेली हवा) असेल तर चेंबर पूर्ण वर्ज्य. हृदयाचं पंपिंग कमी असेल तर फुप्फुसात पाणी भरू शकतं, म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी). सर्दी झाली असेल तर त्या दिवशी सुट्टी. दाब चढताना कान दुखला की लगेच सांगायचं, ‘थोडं सोसतो’ म्हणणाऱ्यांचेच पडदे फाटतात. आत साखर उतरते, म्हणून सत्राआधी मोजायची. १०० च्या आसपास असेल तर खाऊन, परत मोजून मगच आत.

आगीचा धोका खराखुरा आहे. शंभर टक्के सुती कपडे. डोक्याला खोबरेल नाही, व्हॅसलिन नाही, व्हॅसलिनचं गॉजही नाही. मोबाइल, कानाचं मशीन बाहेर. वीसेक सत्रांनंतर लांबचं धूसर दिसू लागतं. ते काही आठवड्यांत बहुधा पूर्ववत होतं, तेव्हा नवा चष्मा करू नका.

निफाडची_वाट
एका ठिकाणी फुगवायची बॅग आहे, १.३ दाबाची. बरीच स्वस्त पडते. चालेल?

दोन_पट_दाब
नाही. जखमेसाठी अभ्यास झालेत ते २ पट आणि त्यावरच्या दाबाचे. खरा चेंबर असेल तर पायाच्या त्वचेवरचा ऑक्सिजन आत असताना मोजायला सांगा. २०० मिमीच्या वर गेला तर आशा ठेवायला जागा आहे.

कोरडी_पट्टी
थोडा विरोधी सूर. पुरावे मिश्र आहेत. सहा आठवड्यांपर्यंत फायदा दिसतो, वर्षाच्या हिशेबात तो टिकल्याचं ठामपणे दिसत नाही. नेदरलँड्समध्ये १२० रुग्णांवर झालेल्या, २०१८ मध्ये छापलेल्या चाचणीत पाय वाचण्यात ठोस फरक आला नाही; बऱ्याच जणांना ठरलेली सत्रंही पूर्ण करता आली नव्हती. निफाडहून सहा आठवडे रोज नाशिक गाठायचं तर हे आधीच मोजा, आणि त्या फेऱ्यांत पाय टेकवत चालणं होणार असेल तर एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखं.

आणि हे आजच बघा: कडेपासून २ सेंमीच्या पुढे लाली, घाण वास, ताप, किंवा कारण नसताना साखर चढलेली. यातलं काहीही असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना.