मदत हवी आहे: आयएसओ ९००१ मधला हवामानबदल फाउंड्रीत कसा दाखवायचा?

मंडळी, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री (धातूचं ओतकाम करणारा कारखाना) आहे, आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाचं प्रमाणपत्र असलेली. फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीने कलम ४.१ (संस्थेवर परिणाम करणारे मुद्दे) आणि ४.२ (ग्राहकासारख्या संबंधितांच्या अपेक्षा) मध्ये हवामानबदलाचा विचार करणं आलं. सल्लागाराने 'लागू नाही' म्हणून एका ओळीत उरकलंय. मला काही ते पटत नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात इथला हायवेच पाण्याखाली गेला. माल तयार, पण गाडी निघेना! पावसाळ्यात साच्याच्या वाळूत ओल वाढली की कास्टिंगला ब्लोहोल (वायूमुळे पडणारी पोकळ छिद्रं) येतात ते वेगळंच.

हे सगळं रिस्क रजिस्टरमध्ये (जोखमींच्या नोंदवहीत) घ्यायचं, की ४.१ च्या तक्त्यात नोंद पुरे? ग्राहक कार्बनची माहिती मागतोय, ते ४.२ मध्येच धरायचं ना? सर्व्हेलन्स ऑडिट (प्रमाणपत्र मिळाल्यानंतर ठरावीक काळाने होणारी तपासणी) तोंडावर आलंय. कुणाचं नुकतंच झालं असेल तर ऑडिटरने नेमकं काय बघितलं, सांगा.