चोर आणि फिर्यादी समोरासमोर बसवायचे? आपल्याकडे चालेल का हे?

अर्धवट_वकील:
एलएलएमच्या डेझर्टेशनसाठी आठ महिने रिस्टोरेटिव्ह जस्टिस वाचतोय (म्हणजे गुन्हा करणारा आणि ज्याच्यावर गुन्हा झाला तो समोरासमोर बसून, नुकसान कसं भरून काढायचं ते ठरवतात), डोक्याचा भुगा झालाय म्हणून इथे टाकतो. मराठीत 'पुनर्स्थापक न्याय' म्हणतात पण ते ऐकून चौकात पुतळा बसवतायत असं वाटतं, मी आपला आरजेच म्हणणार. कॅनडात एल्मायरा नावाचं छोटं गाव, १९७४ ला दोन पोरांनी दारूच्या नशेत एका रात्रीत २२ जणांच्या गाड्यांचे टायर फाड, काचा फोड असले उद्योग केले. प्रोबेशन ऑफिसरने जज्जला सुचवलं, यांना त्या प्रत्येक दारात पाठवा. पोरं गेली, दारं ठोठावली, समोरच्याचं ऐकून घेतलं आणि काही महिन्यांत भरपाई दिली. न्यूझीलंडने तर १९८९ ला अल्पवयीन मुलांसाठी कायदाच केला, पोरगा, घरचे, ज्याचं नुकसान झालं तो, सगळे एकत्र बसून ठरवतात. माझं म्हणणं, चोरी-मारामारीच्या केसेसपासून आपणही सुरू करावं. नाहीतरी भारतीय न्याय संहितेत जुलै २०२४ पासून सामुदायिक सेवेची शिक्षा आलीच आहे, पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी असेल आणि माल परत केला तर.

पुरसिसवाला:
साहेब, तालुका कोर्टात या एकदा. हे आम्ही रोज करतो, फक्त नाव वेगळंय. माझा एक फिर्यादी, बांधावरून भांडण, हात मोडलेला. गावात तंटामुक्ती समिती (२००७ ला आर. आर. आबांनी मोहीम काढली तेव्हाची, हेतू चांगलाच होता), समितीत आरोपीचा चुलता. देवळात बैठक झाली, चहा झाला, मिटलं. कोर्टात कंप्रोमाईज पुरसिसवर (आमचं मिटलं असं कोर्टाला लेखी देतात तो कागद) हा डाव्या हाताने अंगठा देत होता कारण उजवा प्लास्टरमध्ये, आणि मला हळूच विचारतो, वकीलसाहेब पाणी त्याच्याच विहिरीवरनं येतं, काय करू? याला तुम्ही आरजे म्हणणार का?

अर्धवट_वकील:
नाही ना म्हणणार. फिर्यादीची खरी तयारी आणि मधला माणूस कुणाचाच नातेवाईक नसणं, या दोन गोष्टी नसतील तर ती नुसती तडजोड.

चिडकाबिब्बा:
हे सगळं श्रीमंतांच्या पोरांसाठी. मे २०२४, पुणे, पोर्शे. दोन जीव गेले आणि जामिनाला अट काय तर ३०० शब्दांचा निबंध!! लोक खवळले म्हणून ऑर्डर बदलली, नाहीतर निबंधावर मिटलं असतं.

अर्धवट_वकील:
निबंध रस्ते अपघातांवर लिहायचा होता, ज्यांची पोरं गेली त्यांच्यासमोर उभं राहा असं त्यात कुठे होतं? मी म्हणतोय त्याच्या बरोब्बर उलटं आहे ते.

आकडेमोड:
रिसर्च म्हणताय तर नीट बोलू. ज्याला आधीच पस्तावा झालाय तोच बैठकीला तयार होतो, मग तो सुधारला याचं श्रेय बैठकीला कसं? म्हणून इंग्लंडमध्ये दोन्ही बाजूंचा होकार घेऊन मग चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले, एका गटाची बैठक घेतली, दुसऱ्याची नाही. तिथल्या अभ्यासक जोआना शॅपलँड यांच्या २००८ च्या रिपोर्टात पुढच्या दोन वर्षांत पुन्हा दोषी ठरण्याच्या वेळा १४ टक्क्यांनी कमी. पण माणूस पुन्हा गुन्हा करतो की नाही एवढंच बघितलं तर ठोस फरक नाही, हे उत्साही लोक सांगत नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराच्या अशाच प्रयोगात तर दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांवर काही चांगला परिणाम दिसला नाही, तिथे समोर बसवायला कोणी ठरावीक माणूसच नसतो म्हणा. खरा फायदा दिसतो तो ज्याच्यावर गुन्हा झाला त्याला. लंडनमध्ये घरफोडी आणि लुटीतल्या लोकांचा मानसिक धक्का बैठकीनंतर कमी झालेला मोजलाय.

मोहनमाळ:
बाईच्या केसमध्ये हे नकोच, आधीच सांगते. मध्य प्रदेश हायकोर्टाने आरोपीला त्याच बाईकडून राखी बांधून घ्यायची अट घातली होती जामिनाला, सुप्रीम कोर्टाने २०२१ ला ती रद्द केली म्हणून बरं.
पण वरचं घरफोडीचं वाचून थांबले. आमच्याकडे दुपारी झाली होती, मी दूध आणायला गेले तेवढ्यात. चार वर्षांनी साक्षीला बोलावलं, टेबलावर मुद्देमाल, माझी माळ प्लास्टिकच्या पिशवीत लाखेचं सील लावलेली, ओळखा म्हणाले, ओळखली. तो पोरगा पलीकडे उभा, माझ्या भाच्याएवढा. मला एकच विचारायचं होतं, मी पावणेदोनला बाहेर पडते हे तुला कोणी सांगितलं? कारण तेव्हापासून मी शेजारच्या प्रत्येकावर संशय घेतेय. विचारू दिलं नाही, फक्त विचारलंय त्याचं उत्तर द्या म्हणाले. सहा मिनिटात बाहेर.

पुरसिसवाला:
ताई, विचारू दिलं असतं तरी तो बोलला नसता, कारण त्याच्या वकिलाने म्हणजे माझ्यासारख्याच कोणीतरी त्याला गप्प बस सांगितलेलं असणार. कबूल केलं की केस गेली. तेव्हा अर्धवटराव, आधी हे लिहा थिसिसमध्ये, बैठकीत बोललेलं कोर्टात वापरता येणार नाही अशी तरतूद कुठेय? प्ली बार्गेनिंगला (गुन्हा कबूल करून कमी शिक्षेची बोलणी) तशी आहे, पण २०२३ च्या मेडिएशन म्हणजे मध्यस्थीच्या कायद्याने फौजदारी खटले जवळपास बाहेरच ठेवलेत. ते कायद्यात आलं तर मी स्वतः अशील घेऊन येतो बैठकीला.

अर्धवट_वकील:
हे गाईडनेही विचारलं नव्हतं. चौथा चॅप्टर परत लिहावा लागणार. मोहनमाळ, तुमचा प्रश्न नाव न टाकता त्यात घेतला तर चालेल का?

मोहनमाळ:
घ्या. वेळ तेवढी बदला, मी अजून त्याच वेळेला बाहेर पडते.