हवाना शुगर किंग्ज: क्रांतीने बुडवला की अमेरिकेने पळवला?

डावखुरा:
माझ्या मते हवाना शुगर किंग्ज हा क्युबाचा बेसबॉल संघ तिथल्या क्रांतीने संपवला नाही, अमेरिकेने उचलून नेला. मालक बॉबी मादुरोंनी १९५४ ला तो इंटरनॅशनल लीगमध्ये उतरवला. ही लीग मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉलच्या, फक्त एक पायरी खाली, आणि संघाचं घोषवाक्यही तसंच होतं: 'अजून एक पाऊल, की पोचलो!' १९५९ ला प्रेस्टन गोमेझच्या हाताखाली संघ साखळीत तिसरा आला, तरी गव्हर्नर्स कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला. मग ज्युनियर वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे त्याच पायरीवरच्या दुसऱ्या लीगच्या विजेत्याशी झालेल्या मालिकेत, मिनियापोलिस मिलर्सना ४-३ ने हरवलं. मिनियापोलिसला थंडी एवढी, की दोन सामन्यांनंतर उरलेले सगळे हवानाला हलवले. सातव्या सामन्यात नवव्या इनिंगला डॅनी मोरेहोनच्या फटक्यावर विजयी धाव आली, ३-२. असा विजेता संघ ८ जुलै १९६० ला मोसमाच्या मध्यातच अमेरिकेतल्या जर्सी सिटीला हलवला. ६ जुलैला अमेरिकेने क्युबाचा साखर कोटा, म्हणजे क्युबाकडून घ्यायच्या साखरेचं ठरलेलं प्रमाण, कापला होता. या दोन तारखा वेगळ्या करून बघता येत नाहीत.

तिसरा_बेस:
तारखा बघायच्या तर २५ जुलै १९५९ ही पण बघा. रॉचेस्टरविरुद्धचा सामना जादा इनिंगमध्ये गेला, मध्यरात्र उलटली आणि २६ जुलैच्या, म्हणजे कास्त्रोंच्या चळवळीच्या वर्धापनदिनाच्या जल्लोषात लोक मैदानात आणि बाहेर बंदुका झाडायला लागले. रॉचेस्टरचा तिसऱ्या बेसचा कोच फ्रँक व्हर्डी याच्या डोक्याला गोळी चाटून गेली. टोपीखाली प्लास्टिकचं कवच होतं म्हणून वाचला. हवानाचा शॉर्टस्टॉप लिओ कार्डेनास याच्याही खांद्याला गोळी घासली. दुसऱ्या दिवशी रॉचेस्टर न खेळता परत गेलं. पाहुणा संघ यायलाच घाबरला तर लीग चालणार कशी? संघ हलवण्यामागचं सुरक्षेचं कारण खोटं नव्हतं.

डावखुरा:
पण मग दोनच महिन्यांनी हवानाच्या त्याच ग्रान स्टेडियममध्ये अंतिम मालिकेचे पाच सामने झालेच ना? सैनिक होते, फिडेल कास्त्रो स्वतः होते, तरी मिलर्स सुखरूप घरी गेले. धोका खरा असता तर १९५९ च्या हिवाळ्यातच संघ हलवायचा होता. शिवाय संघाच्या कर्जाचा भार उचलायची तयारी क्युबाच्या सरकारने दाखवली होती.

स्कोअरबुक:
तुम्ही दोघेही संघाची रचना विसरताय. तो मेजर लीगमधल्या सिनसिनाटी रेड्सचा संलग्न संघ होता, म्हणजे बऱ्याच खेळाडूंचे करार रेड्सच्या हातात. वेळापत्रक लीगचं. मादुरोंकडे मालकी होती, पण एकट्याने खेळता येत नाही. त्यात भूगोल आडवा: मायामी १९५६ ला लीगमध्ये आलं, त्याआधी सगळ्यात जवळचा प्रतिस्पर्धी रिचमंड. मॉन्ट्रियल, टोरांटो, बफेलोला तर विमानाशिवाय गत्यंतर नाही. अशा संघाला बाहेर काढायला लीगचा एक निर्णय पुरतो, आणि तो झालाही एका दिवसात. प्रशिक्षक टोनी कास्टान्यो यांनी सोबत जायला नकार दिला.

तिसरा_बेस:
हे पटतं. पण संघ राहिला असता तरी वाचला नसता. अल्मेंदारेस, हवाना, मारियानाओ, सिएनफुएगोस या चार संघांच्या क्युबातल्या हिवाळी लीगचं वेळापत्रक अमेरिकेच्या हातात नव्हतं. तरी १९६०-६१ हा तिचा शेवटचा मोसम ठरला, कारण १९६१ ला क्युबाच्या सरकारने व्यावसायिक खेळच बंद केला. मादुरोंनाही देश सोडावा लागला. शुगर किंग्जना तेवढं एकच वर्ष जास्त मिळालं असतं.

डावखुरा:
ते एक वर्ष हवानाच्या प्रेक्षकांचं होतं, ते का काढून घ्यायचं? जर्सी सिटीला तरी काय साधलं? १९६१ चा मोसम संपला आणि १९६२ ला तोच संघ जॅक्सनव्हिलला गेला.