मुंबईच्या दमट हवेत मिशीला कोणते तेल लावावे आणि पीळ कसा टिकवावा? (सल्ला हवा आहे)

बोरिवलीकर (धागाकर्ता)

नमस्कार. गेल्या दिवाळीपासून मी मिशी वाढवत आहे. ती आता चांगली भरली असून दोन्ही टोके वर वळवता येतील इतकी लांब झाली आहेत. परंतु केस मुळातच राठ आहेत, पिकलेले केस तर तारेसारखे उभे राहतात आणि टोकांना फाटे फुटू लागले आहेत. सकाळी आंघोळीनंतर मी खोबरेल लावून पीळ देतो. गाडीत चढताना मिशी व्यवस्थित असते, पण चर्चगेटला उतरेपर्यंत टोके ओठांवर पसरलेली असतात आणि तेल खाली उतरून वरचा ओठ चकाकत असतो. नाकपुडीच्या कडेला अधूनमधून पुळीही येते.

खोबरेल बदलावे का, तेल किती आणि केव्हा लावावे, पावसाळ्यात पीळ टिकावा म्हणून काय करावे आणि हे सामान मुंबईत कुठे मिळेल, याविषयी अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे. मिशी ठेवायची तर ती नीटनेटकीच असावी, असे मला मनापासून वाटते.

लालबागकर

आमचे केशकर्तनालय वडिलांच्या काळापासून चालू आहे आणि आकडेबाज मिशा राखणारी गिऱ्हाइके आमच्याकडे आजही येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खोबरेल सोडण्याचे कारण नाही, फक्त त्याची वेळ बदला. हे तेल केसात मुरायला अवधी लागतो. आंघोळीनंतर लगेच लावून घराबाहेर पडले की ते केसांवर तसेच राहते आणि घामाबरोबर ओठावर उतरते. म्हणून रात्री झोपण्यापूर्वी दोन थेंब तेल बोटांच्या टोकांवर चोळून घ्यावे आणि ते मुळांशी न लावता केसांच्या मधल्या भागापासून टोकांपर्यंत लावावे. मग बारीक दातांच्या लाकडी फणीने नाकाखालच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना केस विंचरावेत. फणी फिरवताना केस मुळाजवळ दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरावेत, म्हणजे ते मुळापासून ओढले जात नाहीत. सकाळी सौम्य शाम्पूचा एक थेंब पुरेसा होतो. अंगाला लावायचा साबण मिशीला लावू नये, त्याने केस आणखी राठ होतात.

आंघोळीनंतर टॉवेलने मिशी घासू नका, नुसती टिपा. केस ओलसर असतानाच बदामतेलाचा एकच थेंब टोकांना लावा. दिवसा वापरायला बदामतेल खोबरेलापेक्षा हलके वाटते. टोके फारच कोरडी असतील तर बदामतेलात चौथा हिस्सा एरंडेल मिसळा. एरंडेल घट्ट आणि चिकट असते, त्यामुळे सुटे केस एकत्र बसतात आणि पिकलेल्या केसांचा ताठपणाही थोडा दबतो. नुसते एरंडेल मात्र लावू नका, धूळ चिकटते. मुंबईच्या रस्त्यावर त्याचा परिणाम संध्याकाळी रुमालावर दिसतो.

फुटलेले फाटे कोणत्याही तेलाने जुळत नाहीत. ते कापावेच लागतात. केस पूर्ण कोरडे असताना, लहान सरळ पात्याच्या कात्रीने आणि एका वेळी अगदी थोडे कापावेत, कारण ओला केस लांब दिसतो आणि वाळल्यावर आखूड होतो.

रसायनशाळा

लालबागकरांनी सांगितलेल्या खोबरेलाच्या पद्धतीला चांगला आधार आहे. 2003 मध्ये मुंबईतील मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली होती. धुण्यापूर्वी किंवा धुतल्यानंतर लावले असता केसातील प्रथिनांची झीज लक्षणीय कमी करणारे तेल तिघांत एकच निघाले, ते खोबरेल. त्यातील लॉरिक आम्लाचे रेणू लहान आणि सरळ साखळीचे असल्याने ते केसाच्या आत शिरू शकतात. कंपनी स्वतः खोबरेल विकते हे ध्यानात ठेवावे, परंतु कारणमीमांसा पटण्यासारखी आहे.

पीळ हा वेगळा प्रश्न आहे आणि तो तेलाने सुटणार नाही. केसातील प्रथिनांच्या साखळ्यांना जोडणारे हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात आणि केस वाळताना, तो ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. म्हणून ओलसर मिशीला पीळ देऊन ती पूर्ण वाळेपर्यंत तशीच राहू दिली तर आकार बसतो. पुढे गाडीतील गर्दी, घाम आणि समुद्राकडून येणारी दमट हवा यांमुळे तेच बंध पुन्हा सुटू लागतात. त्यावर उपाय म्हणजे मधमाश्यांचे मेण. ते 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे मे महिन्यातही घट्ट राहते आणि पाणी सहजी आत जाऊ देत नाही.

घरी करायचे असल्यास वजनाने दोन भाग मेण आणि एक भाग खोबरेल एका वाटीत घ्यावे, ती वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून मेण विरघळवावे आणि मिश्रण लहान डबीत ओतावे. मेण थेट आचेवर कधीही ठेवू नये, ते पेट घेऊ शकते. लावताना नखाने तांदळाच्या दाण्याएवढे खरवडून अंगठा आणि तर्जनी यांमध्ये मऊ होईपर्यंत चोळावे आणि फक्त टोकांना लावावे.

क्रॉफर्ड मार्केट आणि मस्जिद बंदर परिसरात मेणबत्त्या व साबण यांचा कच्चा माल विकणारी दुकाने आहेत, तिथे चौकशी करावी. पांढरे, वास नसलेले मेण दाखवले तर ते बहुधा पॅराफिन असते. मधमाश्यांचे न विरंजलेले मेण पिवळसर असते आणि त्याला मधाचा मंद वास येतो.

गिरगावचा जुना रहिवासी

आमच्याकडे मंडळी मिशीला साजूक तूप लावीत असत. घरचे कढवलेले तूप असेल तर इतक्या खटाटोपाची गरज काय?

परळची डॉक्टर

काका, तुपाने केस मऊ होतात हे खरे, परंतु ते नाकाखाली दिवसभर राहते आणि उष्ण हवेत खवट होऊ शकते. बाहेर जाणाऱ्यांनी ते टाळावे.

मी त्वचाविकारांवर उपचार करते. बोरिवलीकरांच्या पुळीचे कारण त्वचेवर उतरणारे तेल असू शकते. खोबरेलाने रंध्रे बुजतात आणि ओठावरच्या व नाकाजवळच्या त्वचेत तैलग्रंथी मुळातच भरपूर असतात. तेल केसांना हवे असते, त्वचेला नव्हे. लावून झाल्यावर ओठाची कड ओल्या कापसाने पुसून घ्यावी. नाकाजवळची पुळी कधीही फोडू नये. त्या भागातील शिरांचा मेंदूजवळच्या शिरांशी संबंध असतो आणि क्वचित का होईना, संसर्ग आत पोहोचू शकतो.

मिशीखाली पिवळट पापुद्रे, खाज आणि लाली असेल तर कृपया तेल वाढवू नका. बहुतेक लोक कोरडेपणा समजून तेच करतात. तो बहुधा कोंड्याचाच प्रकार असतो आणि त्याच्याशी निगडित मॅलासेझिया ही बुरशी तेलातील मेदाम्लांवर पोसते. अशा वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने किटोकोनॅझोलचा शाम्पू वापरावा लागतो. मिशीत अचानक गोल, गुळगुळीत चकती पडली तर ती चाई असू शकते. तिथे एरंडेल चोळत वेळ घालवू नका. केईएम किंवा नायर रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवता येईल. एरंडेलाने नवे केस उगवतात, याला पुरावा नाही.

दाढीसाठी म्हणून मिळणाऱ्या सुगंधी तेलांबाबत एवढेच सांगते, की सुवासासाठी घातलेले घटक नाकाखालच्या त्वचेला अनेकदा चुरचुरतात. कोणतेही नवे तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून पाहावे.

बोरिवलीकर (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. दोन शंका राहिल्या. कार्यालयात चहा घेताना मेण वितळणार नाही का? आणि रात्री ते काढायचे कसे? नुसत्या पाण्याने निघेल असे वाटत नाही.

लालबागकर

गरम चहाच्या वाफेने मेण मऊ पडते, म्हणून कटिंग थोडा निवू द्यावा आणि ग्लास खालच्या ओठावर टेकवून प्यावा. टोके बाहेरच्या बाजूला वळवलेली असली की चहा त्यांना लागत नाही. ओठावर येणारे मधले केस कात्रीने ओठाच्या रेषेपर्यंत ठेवावेत, म्हणजे आमटी खातानाही त्रास होत नाही.

मेण काढायला तेलच लागते. रात्रीचे ते दोन थेंब खोबरेल आधी मेणावर चोळावेत, मेण सैल झाले की कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने टोकाच्या दिशेने पुसून घ्यावे आणि उरलेले तेल तसेच केसात राहू द्यावे. सुके मेण फणीने ओढून काढू नये, त्याबरोबर केसही तुटतात. सोसायटीत टँकरचे किंवा बोअरचे पाणी येत असेल तर शेवटची धुलाई पालिकेच्या पाण्याने करावी. असे पाणी बहुधा जड, म्हणजे क्षार जास्त असलेले असते; त्यात शाम्पूला फेस कमी येतो आणि केसांवर पांढरट थर राहतो.