जुन्या नेटबुकवर नेटसर्फ ब्राउझर चालते पण मराठी फुटून राहिली, काय करावं?

वाचनालय_आर्णी:
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयात सहा जुने नेटबुक आले, आर्णी तालुका, यवतमाळ. सगळे ॲटम एन२७० वाले, ३२ बिट, १ जीबी रॅम. संध्याकाळी पोरं येतात, त्यायले मराठी विकिपीडिया अन् विश्वकोश वाचता यावा एवढंच मनात हाय. डेबियन १२ लिनक्स टाकलं पण फायरफॉक्स उघडला की मशीन अशी बसते की पोरगं वाट पाहून निघून जाते. मग नेटसर्फ सोर्सवरून बिल्ड केला, फ्रेमबफरवाला, म्हणजे सरळ स्क्रीनवर छापणारा, काहून की एक्स (खिडक्या दाखवणारी डिस्प्ले सिस्टीम) चालवाचीच गरज पडू नये. पेज पटकन आलं, लय खुश झालो, अन् मराठी पाहिली तं जीवच खाली बसला. "किती" मधली पहिली वेलांटी क च्या मांगून येऊन राहिली, "क्षेत्र" मधे क, ष, त, र सुटे सुटे अन् मधात पाय मोडलेले, "वऱ्हाड" तं वाचताच येत नाई. लोहित देवनागरी टाकून पाहिला, नोटो टाकून पाहिला, दोन्हीत तेच. चौथीतली पोरगी मले म्हणे, काका हे शुद्धलेखन चुकलं हाय. तिले काय सांगू? फॉन्टचा दोष हाय का ब्राउझरचा? अन् दोन मशीनवर एचटीटीपीएसच्या हरेक पेजले सर्टिफिकेटचा एरर येते, बाकी चारवर नाई.

हलंत_धामणगाव:
भाऊ फॉन्ट कितीही बदला, काही होणार नाही, हा शेपिंगचा मामला आहे. युनिकोडमध्ये "कि" साठवताना क आधी अन् वेलांटी नंतर असते. तिला उचलून डावीकडे बसवायचं, जोडाक्षर जुळवायचं, हे शेपिंगचं काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते. फ्रीटाइप लायब्ररी फक्त एका ग्लिफचं, म्हणजे अक्षराच्या एका आकाराचं, चित्र काढून देते, शेजारी कोण आहे हे तिला माहीतच नसते. अन् नेटसर्फचा फ्रेमबफर फ्रंटएंड, म्हणजे पडद्यावर दाखवणारा भाग, एकेक कॅरॅक्टर घेतो, त्याचा ग्लिफ मागतो, छापतो अन् पुढे सरकतो. इंग्रजीचं तेवढ्यात भागते, आपलं नाही भागत. जीटीके फ्रंटएंड मात्र मजकूर पँगो या मजकूर मांडणाऱ्या लायब्ररीकडे देतो अन् पँगो आतून हार्फबझच वापरते. म्हणून बिल्डची मेक कमांड देताना टार्गेट जीटीके३ द्या. एक्स लागेल, पण पूर्ण डेस्कटॉप टाकायची गरज नाही, नुसतं एक्सऑर्ग अन् ओपनबॉक्स हा हलका विंडो मॅनेजर पुरे.

वर्धेचा_सी_वाला:
वरचं उत्तर बरोबर आहे, पोरांसाठी आज तेच करा. पण फ्रेमबफर सोडू नका, मी त्यात हार्फबझ घालून पाहून राहिलो. नेटसर्फमध्ये मजकुराच्या मापाची तीन फंक्शनं असतात, विड्थ, पोझिशन अन् स्प्लिट, प्रत्येक फ्रंटएंड आपापली देतो. मी पहिल्यांदा फक्त छापायचा भाग बदलला, अक्षरं सुंदर आली पण ओळी भलतीकडेच तुटायला लागल्या, कारण रुंदी अजून सुट्या अक्षरांची मोजली जात होती. चारही जागा एकाच वेळी बदलाव्या लागतात. पोझिशनमध्ये तर जास्तच जपावं लागते, "क्षे" च्या मधातच कर्सर नको थांबायला, हार्फबझ क्लस्टरचा, म्हणजे एकत्र बसणाऱ्या अक्षरगटाचा, नंबर देते तो धरून बाइट ऑफसेट काढायचा. अन् शब्द तोच, "वऱ्हाड", टेस्टले ठेवा. तो चंद्रकोरीसारखा र फक्त मराठीवालेच तपासतील, बाहेरच्या डेव्हलपरला तो तुटलेला आहे हेच दिसणार नाही. बग टाकताना दोन स्क्रीनशॉट जोडा, एक फुटलेला अन् एक बरोबर.

रिपेरिंग_पुसद:
सर्टिफिकेटवाल्या दोन मशीनची तारीख पाहा. बोर्डावरचा बटन सेल मेला असन, लाइट गेली की घड्याळ मागच्या कुठल्यातरी साली जाते, मंग ब्राउझरले वाटते सर्टिफिकेट अजून सुरूच झालं नाई. आपल्याइकडे लाइट जाते किती ते तुमाले माहीतच हाय. सीआर२०३२ घड्याळवाल्याकडे भेटते, पण काही नेटबुकमध्ये तो वायर लावलेला असते, खोलून पाहूनच आणा. अन् नेटसर्फवर जावास्क्रिप्ट नावापुरतीच चालते, फॉर्म भराच्या साइटी त्याच्यावर होत नाईत, म्हणून एका मशीनवर फायरफॉक्स ईएसआर १४० (जास्त दिवस अपडेट भेटणारी आवृत्ती) राहू द्या. ३२ बिट लिनक्ससाठी नेहमीचा फायरफॉक्स १४४ वरच थांबला अन् ईएसआरले किमान सप्टेंबर २०२६ पर्यंत अपडेट सांगितले हायत. डेबियन १३ चा ३२ बिट इन्स्टॉलरही नाई, तवा १२ ची आयएसओ पेनड्राइव्हवर जपून ठेवा.

वाचनालय_आर्णी:
सगळ्यायचे लय आभार. तारीखच होती बावा, दोन्हीत २००९ दाखवून राहिलं होतं. जीटीकेवाला बिल्ड काल एका मशीनवर केला, पहिले पँगोच्या डेव्ह पॅकेजवर (बिल्डले लागणाऱ्या फायली) अडलं, ते टाकल्यावर रात्री साडेदहाले पूर्ण झालं. आज शाळा सुटल्यावर त्याच पोरीले बसवलं अन् विकिपीडियावर वऱ्हाडचं पान उघडून देलं. तिनं बोट ठेवून ठेवून पूर्ण पयला परिच्छेद वाचला, कुठी अडली नाई. बाकी पाच मशीन या रविवारी करतो. वर्धेवाले भाऊ, तुमचा पॅच जसा असन तसा टाका, एक नेटबुक मी फ्रेमबफरवरच ठेवतो, पोरायच्या पुस्तकातले जोडाक्षराचे शब्द काढून एकेक तपासून सांगतो.