आजोबांच्या कुऱ्हाडी आणि वाकस : गंज काढायचा आहे, सल्ला हवा

औसा_मळा
नमस्कार. आमचे आजोबा औसा तालुक्यात सुतारकाम करीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात घर पडले, तेव्हा ढिगाऱ्यातून निघालेली त्यांची हत्यारे वडिलांनी गोणपाटात बांधून ठेवली होती. ती गाठ मी गेल्या महिन्यात सोडली. दोन कुऱ्हाडी, लाकूड तासायचा एक वाकस, चार पटाश्या आणि एक लाकडी रंधा असा तो ऐवज आहे. लहान कुऱ्हाड एका वर्कशॉपमध्ये दिली, ती ग्राइंडरवर चकचकीत होऊन आली, पण धारेजवळ निळसर पट्टा उमटला असून वाळल्या बाभळीवर चार घाव घातले की धार मुडपते. उरलेली हत्यारे तरी बिघडू नयेत, म्हणून विचारतो. रंध्याच्या पात्यावर इंग्रजीत ‘कास्ट स्टील’ असे उमटवले आहे. ते बिडाचे, म्हणजे ठिसूळ ओतीव लोखंडाचे असेल, तर ठेवण्याजोगे आहे का?

ऐरण_जालना
पाते अवश्य ठेवा, ते बिडाचे नाही. शेफील्डच्या बेंजामिन हंट्समन यांनी १७४० च्या दशकात मुशीत वितळवून पोलाद करण्याची रीत बसवली आणि पुढे त्या पोलादाच्या हत्यारांवर हा शिक्का येऊ लागला. तो शिक्का वाचून अनेकांनी चांगली पाती भंगारात घातली आहेत, याचे फार वाईट वाटते.

निळा पट्टा म्हणजे धारेचे पाणी उतरले. पोलाद ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापले की तो रंग चढतो आणि लोहाराने पाणी देऊन आणलेला कठीणपणा तेवढ्या जागेपुरता जातो. पट्टा अरुंद असेल, तर हाताने कानस चालवून तो भाग काढा. रुंद असेल, तर भात्यावर काम करणाऱ्या जुन्या लोहाराकडून पुन्हा पाणी देऊन घ्या.

मोठ्या कुऱ्हाडीला ग्राइंडर लावूच नका. दांडा काढून पाते एक दिवस साध्या व्हिनेगरमध्ये बुडवा, तारेच्या ब्रशने घासा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुऊन लगेच कोरडे करा आणि शिलाई मशीनचे तेल पुसा, कारण ओले राहिले तर तासाभरात नवा गंज धरतो. जुने लोहार पुष्कळदा मऊ लोखंडाच्या अंगाला धारेपुरतेच पोलाद जोडीत. तसे असेल, तर व्हिनेगरमधून निघाल्यावर पोलाद अधिक काळे दिसते आणि दोहोंमधली रेघ स्पष्ट उमटते. त्या रेघेपासून धारेपर्यंत जे उरले आहे, तेवढेच त्या कुऱ्हाडीचे आयुष्य, म्हणून पाजवताना ते जपून खर्च करा.

किनवट_धावडा
दांड्याविषयी लिहितो. आमच्याकडे धावडा उत्तम मानतात. तुमच्या भागात बाभूळ चालेल, मात्र लाकूड वर्षभर सावलीत वाळलेले आणि रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ गेलेल्या असाव्यात. ढिली कुऱ्हाड रात्रभर पाण्यात टाकण्याची सवय आपल्याकडे घरोघर आहे, पण तिने नुकसानच होते : फुगलेले लाकूड नेढ्यात, म्हणजे पात्याच्या दांडा बसतो त्या भोकात, दबून चेपते आणि वाळले की आधीपेक्षा अधिक ढिले होते. त्याऐवजी नवी पाचर ठोका आणि दांड्याला जवसाचे तेल पातळ हाताने चार-पाच वेळा द्या. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल वाळताना तापते आणि त्या आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवाव्यात.

औसा_मळा
आपणा दोघांचे मनापासून आभार. मोठी कुऱ्हाड काल व्हिनेगरमधून काढली. रेघ दिसली, धारेकडून मोजली तर जेमतेम बोटभर पोलाद उरले आहे आणि एका कोपऱ्यावर त्याहूनही कमी, म्हणजे आजोबा तोच कोपरा अधिक वापरीत असावेत. वाकसाचा जुना दांडा मात्र मी काढलेला नाही. हाताच्या पकडीपाशी तो झिजून खोलगट झाला आहे, तेव्हा दांडा न काढता केवळ पात्याचा गंज कसा उतरवावा, ते कृपया सांगावे.

ऐरण_जालना
दांडा काढू नका. व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके फक्त पात्याभोवती गुंडाळा, वरून प्लास्टिक बांधा, दर दोन तासांनी उघडून पाहा आणि नेढ्यापासून दोन बोटे अलीकडे थांबा.