चार वर्षांच्या खंडानंतर परत पळणं : जानेवारीसाठी लक्ष्य काय ठेवावं?

गुळपोळी
नमस्कार मंडळी. नेमका सल्ला हवाय, म्हणून आकडे आधीच देते. वय ४३, राहणं पुण्यात, कोथरूडला. पळणं बंद होऊन चार वर्षं झाली, वजन ९ किलोंनी वाढलंय. तेव्हा १० किमीला ५९ मिनिटं लागायची, हाफ मॅरेथॉन (२१.१ किमी) २ तास १२ मिनिटांत व्हायची. बीपी, शुगर नाही. सध्या आठवड्यातून चार दिवस ४० मिनिटं भरभर चालते. काल, १४ जूनला, ३ किमी न थांबता पळाले. २५ मिनिटं लागली आणि आज दोन्ही नडग्या आतल्या बाजूने ठणकतायत. जानेवारीत मुंबईची हाफ २:१० च्या आत करायची असं डोक्यात आहे. ठीक आहे का? नसेल तर काय ठेवू? बूट जुनेच आहेत, पण जेमतेम २०० किमी पळालेले.

मोजमाप
आधी गणित करू, मग भावना.

एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्या अंतराचा अंदाज बांधायला रीगल या अमेरिकी अभियंत्याचं सूत्र वापरतात : नवा वेळ = जुना वेळ × (नवं अंतर ÷ जुनं अंतर)चा १.०६ वा घात. तोंडपाठ ठेवायचं तर अंतर दुप्पट झालं की वेळ २.०८५ पट होतो, आणि १० किमीवरून हाफला जाताना २.२ पट.

हाफ २:१० मध्ये म्हणजे किमीला ६ मिनिटं १० सेकंद. त्यासाठी १० किमी ५९ मिनिटांच्या किंचित आत यायला हवा. म्हणजे तुमच्या ऐन भरातल्या वेळेइतका, नऊ किलो जास्त घेऊन. आजची स्थिती पाहा. ३ किमीला २५ मिनिटं, त्यावरून ५ किमी ४३ मिनिटं, १० किमी दीड तास, हाफ ३ तास १८ मिनिटं. हेसुद्धा सढळ हाताने, कारण हे सूत्र त्या त्या अंतराची तयारी झालेली आहे असं धरून चालतं. आठवड्याला २० किमीही न पळणाऱ्यांचा हाफमधला वेळ अंदाजापेक्षा बराच लांबतो.

म्हणून आज वेळेचं लक्ष्य ठेवूच नका. १२ आठवड्यांनी, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, सपाट रस्त्यावर ५ किमी जोर लावून पळा आणि तिथून हिशेब मांडा. ३६ मिनिटं आली तर १० किमी ७५ मिनिटांच्या आसपास आणि हाफ पावणेतीन तासांची. तेव्हाची तुलना आजच्या ४३ मिनिटांशी करायची, चार वर्षांपूर्वीच्या आकड्यांशी नाही. घड्याळाच्या अ‍ॅपमध्ये जुने विक्रम समोर दिसत असतील तर लपवा. गंमत नाही, त्या आकड्यांमुळेच माणसं तिसऱ्या आठवड्यात जास्तीचं पळतात.

नडगीनाथ
मोजमाप यांच्याशी सहमत. पण घोडं अडतं ते वेगावर नाही, हाडांवर आणि कंडरांवर (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांवर).

परत पळायला लागलं की हृदय आणि रक्ताभिसरण काही आठवड्यांत बरंच सुधारतं. पूर्वी पळलेल्यांचं तर नवख्यांपेक्षा लवकर. कंडरा आणि हाडं मात्र महिन्यांच्या हिशेबाने घट्ट होतात. हाडाला ताण पडला की आधी तिथला जुना भाग झिजवून काढला जातो आणि नवा भरायला वेळ लागतो, म्हणून मधले काही आठवडे हाड उलट थोडं नाजूकच असतं. धाप लागत नाही म्हणून अंतर वाढवलं जातं, आणि दुसऱ्या महिन्याच्या सुमारास नडगी किंवा पाऊल बोलायला लागतं. परतणाऱ्यांचा घात दम लवकर परत येण्यानेच होतो.

आता तुमची नडगी. बोटाने आतल्या कडेवरून वर-खाली दाबत जा. चार बोटं किंवा त्याहून लांब पट्टा दुखत असेल तर बहुधा नेहमीचं नडगीदुखणं आहे. सात ते दहा दिवस पळणं बंद, चालणं चालू. एकाच नाण्याएवढ्या जागी दुखत असेल, त्या पायावर एकदा उडी मारल्यावर कळ येत असेल किंवा रात्री झोपेत ठणकत असेल, तर हाडाला चीर असू शकते. मग हाडांच्या डॉक्टरांकडे जा. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्सरेमध्ये अशी चीर बहुतेकदा दिसत नाही, त्यामुळे ‘एक्सरे नॉर्मल’ ऐकून दुसऱ्या दिवशी पळायला जाऊ नका.

दुखणं थांबलं की आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक, पळणं-चालणं मिसळून. आधी आणि नंतर पाच मिनिटं चालायचं. मधलं असं :

आठवडा १-२ : १ मिनिट पळणं, २ मिनिटं चालणं, ८ वेळा.
आठवडा ३-४ : २ आणि २, ६ वेळा.
आठवडा ५-६ : ३ आणि १, ६ वेळा.
आठवडा ७-८ : ५ आणि १, ५ वेळा.
आठवडा ९-१० : १० आणि १, ३ वेळा.
आठवडा ११ : सलग ३० मिनिटं.

पहिले दोन आठवडे हास्यास्पद सोपे वाटतील, वाटू द्या. पुढे सरकायची अट एकच : पळताना दुखणं दहापैकी दोनच्या वर नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना आदल्या दिवसापेक्षा जास्त नाही. अट मोडली तर तोच आठवडा परत.

आणि अंतर ‘दर आठवड्याला १० टक्के’ वाढवायचा जो नियम सांगतात, तो इथे विसरा. आठवड्याला ६ किमी असताना १० टक्के म्हणजे ६०० मीटर, त्याला काही अर्थ नाही. ४० किमीला पोचल्यावर १० टक्के म्हणजे ४ किमी, आणि ते दर आठवड्याला वाढवणं फार होतं. तीन आठवडे हळूहळू चढवायचं, चौथा पाऊण करायचा, एवढं पुरे.

कडकलक्ष्मी
गुळपोळीताई, ‘२:१० करीन’ हे लक्ष्य नाही, ती इच्छा आहे. लक्ष्य म्हणजे जे आपल्या हातात आहे ते. ‘सप्टेंबरपर्यंतच्या १२ आठवड्यांत पळायच्या ३६ दिवसांपैकी ३० दिवस बाहेर पडले’ हे लक्ष्य. कॅलेंडरवर फुली मारा, भिंतीवरच्या कालनिर्णयवर मारली तर घरातल्यांनाही कळतं.

ते ३६ पैकी ३० मुद्दाम म्हटलंय. सहा दिवस पाऊस, पाहुणे, ताप यांत जाणारच, आणि सगळेच्या सगळे दिवस गाठायचं ठरवलं की पहिला दिवस चुकला की माणूस सगळंच सोडतो. पुढे गणपती आणि दिवाळी आहेतच, तेव्हाचे आठवडे आत्ताच हलके लिहून ठेवा. खंड पडलाच तर : एका आठवड्यापर्यंत असेल तर जिथे होतात तिथूनच सुरू, दोन आठवड्यांचा असेल तर दोन आठवडे मागे, महिन्याच्या वर गेला तर पहिल्यापासून. ‘बुडालेलं भरून काढणं’ हा प्रकार पळण्यात नसतो.

दुसरं, सुरू करण्याआधी रक्त तपासा. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, ड जीवनसत्त्व. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर फेरिटिन कमी असणं सर्रास आढळतं. हिमोग्लोबिन ठीक असूनही ते कमी असू शकतं, आणि मग ‘वयामुळे दम लागतो’ असं आपणच ठरवून बसतो. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच. तसंच चाळिशीच्या पुढे, घरात कुणाला लहान वयात हृदयविकार झालेला असेल तर वेगाचं पळणं सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवा. पळताना छातीत दडपण किंवा चक्कर आली तर त्याच क्षणी थांबायचं, घरापर्यंत ‘हळूहळू पळत’ यायचं नाही.

तिसरं, पोटऱ्या. हे सगळे टाळतात. जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर चवडा टेकवा, टाच बाहेर, कठड्याला हलकासा हात. एका पायावर वर, मग तीन मोजत टाच पायरीच्या खाली. १२ च्या ३ फेऱ्या गुडघा ताठ ठेवून आणि तेवढ्याच गुडघा थोडा वाकवून, कारण गुडघा वाकवल्यावर आतल्या स्नायूवर जास्त काम पडतं. आठवड्यातून दोनदा. एका पायावर सलग २० होत नसतील तर वेगाने पळण्याचा विचारही नको.

टेकडीकर
बुटांबद्दल कुणी बोललं नाही. २०० किमी हा आकडा इथे फसवा आहे. पळण्याचे बूट साधारण ५०० ते ८०० किमी चालतात हे खरं, पण पडून राहिलेल्या बुटांना दमट हवा खाते. तळव्याचा फोम कडक होतो आणि डिंक सुटतो. घरीच तपासा. टाचेच्या बाजूने फोममध्ये अंगठा दाबा. दबून लगेच वर यायला हवा, लाकडासारखा लागला किंवा बारीक सुरकुत्या राहिल्या तर बाद. मग दोन्ही बूट टेबलावर ठेवून मागून डोळ्याच्या पातळीवर बघा, टाच आत किंवा बाहेर कलली आहे का. शेवटी बूट हलकाच पिळा आणि चवड्यापाशी सोलची कड नखाने उचलून बघा. उचलली गेली तर पहिल्या पावसात सोल हातात येईल. नवे घेताना संध्याकाळी जा, पाय तेव्हा थोडे सुजलेले असतात. पुढे अंगठाभर जागा हवी.

जागा : कोथरूडकरांना वेताळ टेकडीचा मोह होतो. सध्या तिथे फक्त चाला. चढ पोटरी आणि टाचेच्या शिरेवर येतो, उतार नडगी आणि गुडघ्यावर, आणि पावसाळ्यात उघडे दगड निसरडे. सलग ३० मिनिटं जमल्यावर पंधरा दिवसांतून एकदा. डांबरी रस्ता दोन्ही कडांना उतरता असतो, त्यामुळे जाताना आणि येतानाही आपल्या डाव्याच बाजूने पळालं की एक पाय कायम खाली पडतो. जाताना-येताना एकच पदपथ वापरा, उतार आपोआप फिरतो. पेव्हर ब्लॉकवरचं शेवाळ आणि झेब्रा क्रॉसिंगचा ओला पांढरा रंग, या दोन्हींवर पावलं आखूड टाका. ओल्या बुटांतले आतले तळवे काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने बदला. उन्हात किंवा गिझरजवळ ठेवू नका, डिंक जातो.

नवा_भिडू
मधेच विचारतो. हळू पळताना बोलता येतंय, तरी घड्याळ १६८ ठोके दाखवतं. वय ४५. काळजीचं आहे का?

मोजमाप
बोलता येतंय म्हणजे घड्याळावर संशय घ्या. मनगटावरचा सेन्सर कधीकधी नाडीऐवजी पावलांची लय पकडतो. मिनिटाला पडणारी पावलं मोजा, तीही १६५-१७० च्या घरात निघाली तर तेच झालंय. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर घट्ट बांधा, किंवा छातीवरचा पट्टा वापरा. थांबून मानेवरची नाडी १५ सेकंद मोजून चारने गुणा, खरं काय ते कळेल. ‘२२० वजा वय’ हाही ढोबळ अंदाज आहे, माणसामाणसांत १० ठोक्यांचा फरक सहज पडतो. पूर्ण वाक्य न तोडता म्हणता येणं ही कसोटी फुकट आहे आणि चार्जही करावी लागत नाही.

गुळपोळी
सगळ्यांचे आभार. नडगी दाबून पाहिली, लांब पट्टा दुखतोय, एका जागी नाही. बुटांचा फोम दगड झालाय, ते बाद. आता असं ठरवलंय : २५ जूनपर्यंत फक्त चालणं. मग नडगीनाथांचा तक्ता, मंगळ-गुरू-रवि. पायरीवरचे व्यायाम सोम आणि शनि. तक्ता संपल्यावर ५ किमीची चाचणी. डिसेंबरमध्ये १० किमी न थांबता, वेळ काहीही. मुंबईला हाफऐवजी १० किमीच. आणि तक्त्यानंतर दर रविवारी १ किमी वाढवत जायचं. चालेल?

नडगीनाथ
चालेल, चार दुरुस्त्या. शनिवारी पायरीवर पोटऱ्या दमवून रविवारी सर्वांत लांब पळणं नको. ते व्यायाम मंगळवारी आणि गुरुवारी पळून आल्यावर करा, म्हणजे सोम-बुध-शुक्र-शनि पाय खरंच मोकळे राहतील.

रविवारचा १ किमी दर आठवड्याला नको. तीन रविवार वाढवा, चौथ्या रविवारी मागे या : ५, ६, ७, ५, मग ७, ८, ९, ६. आणि रविवारचं अंतर आठवड्याच्या एकूण अंतराच्या निम्म्याच्या वर जाऊ देऊ नका.

दहा दिवस उशिरा सुरुवात झाल्याने चाचणी सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात येते, म्हणजे बहुधा गणपतीत. विसर्जनानंतरच्या रविवारी ठेवा, रस्तेही मोकळे मिळतील.

मुंबईच्या नावनोंदणीच्या तारखा आणि नियम आत्ताच बघून ठेवा, ती काही महिने आधीच बंद होते. हाफचा विचार परत डोकं वर काढेलच, तेव्हा अट अशी : सलग चार आठवडे दर आठवड्याला ३० किमी आणि त्यात दोन रविवार १५ किमी, दुसऱ्या दिवशी जिना नीट उतरता येईल असे. त्या हिशेबाने तुमची हाफ मार्चच्या आधी येत नाही.

कडकलक्ष्मी
मार्चमध्ये पुण्यात सकाळी आठनंतर ऊन चटका देतं. पहाटे साडेपाचला सुटणारी शर्यत शोधा. आणि ओआरएसचं मोठं पाकीट लिटरभर पाण्यासाठी असतं, लहान २०० मिलीसाठी. मोठं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतू नका, पोट बिघडतं. तासाभराच्या आतल्या पळण्याला साधं पाणी पुरतं.